लाल रबरबँडच्या पाच डब्या

२३ सप्टेंबर, मंगळवार

वही जुनी आहे, २०१९ ची, कंपनीनं वाटलेली. तारखा चालतात, वार चालत नाहीत. ते खोडून वर बरोबर वार लिहायचा. भोसरीच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, रोज शिफ्ट संपताना लॉगबुक लिहिलं. मग साहेब लोकांनी स्टोअर एजन्सीला दिलं आणि मला नारळ. पाच महिने झाले. हात स्वस्थ बसत नाहीत. घरातल्या मसाल्याच्या डब्यांना नंबर दिले, तर बायकोनं, सुमननं, दोन दिवस बोलणं टाकलं.

आजपासून पुन्हा स्टोअर. पिंपळे गुरवमध्येच, घरापासून चालत दहा मिनिटांवर, मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर धम्मरत्न सरांची एअर रायफलची रेंज आहे. माझी सून मंजुषा तिथं सराव करते. तिनंच सरांकडं शब्द टाकला. 'मामा अजून महिनाभर घरी बसले तर आत्या माझ्याबरोबर त्यांनाही कंपनीच्या बसमध्ये बसवतील,' असं म्हणाली म्हणे. आमच्या बीडकडं सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. ही राजगुरुनगरची, पण पहिल्या दिवसापासून मामाच म्हणते.

स्टोअर बघितलं आणि कपाळाला हात लावला. एका खोक्यात रायफलीचे रबरी वायसर, स्प्रिंगा, अ‍ॅलन की, कुणाचा तरी एक ग्लोव्ह आणि चिवड्याचं अर्धं पाकीट. हवेचे सिलिंडर खुर्चीखाली. पेलेटच्या डब्या तर जिथं हात घालावा तिथं. पेलेट म्हणजे छर्रे; पण छर्रे म्हटलं की मंजुषा नाक मुरडते. खरी काडतुसं तेवढी सरांच्या स्वतःच्या कुलपात, रजिस्टरसकट, त्याची चावी ते कुणालाच देत नाहीत. तेवढी एकच गोष्ट या खोलीत शहाणपणाची आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज भोसरीच्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून रेंजवर गर्दी. कोपऱ्यात बसून हा खेळ समजून घेतला. साठ गोळ्या मारायच्या. एका गोळीला जास्तीत जास्त दहा पॉइंट नऊ. मंजुषा पहाटे पावणेसहाला चाकणच्या बसमध्ये बसते, कंपनीत क्वालिटीला दिवसभर उभी असते, ट्रॅफिकमधून साडेचारला परत येते आणि मग ते जाड जॅकेट घालून पुन्हा दीड तास उभी. आज ६२४ केले. यंदा नॅशनलला जायला ६१८ हवेत, असं सर म्हणाले. मॅच ९ नोव्हेंबरला आहे.

६१८ चा आकडा घरात सगळ्यांना पाठ आहे. आखाडात बैठक झाली होती. सुमनचं म्हणणं, लग्नाला चार वर्षं झाली, पाळणा कधी हलायचा? माझा मुलगा नवनाथ दोघींच्या मधे. शेवटी ठरलं की यंदा पात्र ठरली तर कुणी एक शब्द बोलायचा नाही. नाही ठरली तर रायफल विकायची आणि मूलबाळाचं बघायचं. मंजुषा 'हो' म्हणाली. मला तेव्हाही वाटलं, ६२४ मारणारीला हो म्हणायला काय जातंय.

सरांनी आणखी एक सांगितलं. ऑगस्टमध्ये तिची रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात, आवळून चौदा लॉटचे पेलेट मारून बघितले. त्यातला एकच लॉट तिच्या नळीला मानवला. त्या लॉटच्या डब्यांना तिनं लाल रबरबँड लावून ठेवलेत. कंपनी एक, माप एक, तरी एक मानवतो आणि दुसरा नाही! हे सगळे नेमबाजांचे लाड. सरांसमोर मान हलवली.

२८ सप्टेंबर, रविवार

आज माझा दिवस होता. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली की तो बाद. रेंजवरचे तीन सिलिंडर केव्हाच बाद झालेले. सरांना दाखवले तर त्यांचा चेहरा उतरला. 'काका, कुणाच्या तरी तोंडावर फुटला असता,' म्हणाले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायला वाकले. मी अडवलं, पण बरं वाटलं.

मग मी पोरांना माझी गोष्ट सांगितली. कंपनीत पोलादाच्या सळ्यांवर हीट नंबर असतो, म्हणजे कुठल्या भट्टीच्या कुठल्या घाण्यातला माल, त्याची ओळख. दिसायला सगळ्या सळ्या सारख्या. सोपानराव नावाच्या हेल्परनं जागा वाचवायला दोन हीटच्या सळ्या एका रॅकवर रचल्या. सगळा लॉट बाद झाला, लाइन दीड दिवस बंद. पन्नाशीचा माणूस हात जोडून उभा होता. मी साहेबांना म्हणालो, याला ठेवणार असाल तर मला सोडा. गेला तो. स्टोअरमध्ये दयामाया चालत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पाठ मोडली, पण मन भरलं.

सर काल नागपूरला गेले, दीक्षाभूमीला, दरवर्षी जातात. रविवारपर्यंत रेंज बंद आणि चावी माझ्याकडं. खंडेनवमीला हत्यार घाणेरडं ठेवू नये. कंपनीत आम्ही मशिनच्या पोटातसुद्धा फडकं फिरवायचो. सकाळी सातला गेलो आणि चारपर्यंत जेवलो नाही.

वायसर मापाप्रमाणे, स्प्रिंगा जाडीप्रमाणे, प्रत्येकाला पारदर्शक पुडी आणि लेबल. प्रत्येक पान्याची बाह्यरेषा फळीवर काढली. जागा रिकामी दिसली की समजायचं कुणीतरी खिशात घातला. व्हाइसपाशी रबराचे चार काळे, कातरलेले तुकडे पडले होते, ते भंगारात. सरांचे भोकं पडलेले जुने कागद सापडले, प्रत्येकावर सेलोटेपनं एकेक पेलेट चिकटवलेला. काय प्रकार कळेना. पण कागद मी कधी टाकत नाही. फाइल केली, नाव दिलं.

खरं काम पेलेटचं. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या वीस डब्या निघाल्या. कुठली अर्धी, कुठली पाव. मंजुषाच्या पाच तेवढ्या लाल रबरबँडच्या, तेही दमट हवेनं चिकट झालेले. एक माल वीस ठिकाणी ठेवायचा तर एकतीस वर्षं मी केलं काय? सगळ्या घमेल्यात ओतल्या. कोमट पाण्यात धुतल्या, गच्चीवर जुन्या धोतरावर वाळवल्या, चेपलेले छर्रे वेचून टाकले आणि पाचशे-पाचशे मोजून सोळा डब्या काठोकाठ भरल्या. मागं बारीक अक्षरांतलं इंग्रजी स्टिकर होतं, त्यावर बरोबर बसेल असं लेबल लावलं. आता सगळ्या एकसारख्या दिसतात. पाच मंजुषाच्या नावानं वरच्या कप्प्यात. तिच्या पाचांपैकी दोन निम्म्या होत्या, मी पाचही भरून दिल्या. रबरबँड बरणीत ठेवलेत, कधी कामाला येतात.

रायफलींना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. फोटो काढून सरांना पाठवला. त्यांचे तीन अंगठे आले.

५ ऑक्टोबर, रविवार

मंजुषा स्टोअरच्या दारात उभी राहून बघतच राहिली. 'मामा, हे आपलंच आहे?' म्हणाली. मग म्हणाली, 'माझ्या डब्या?'

'वरचा कप्पा, तुझ्या नावानं, मोजून पाच.'

तिनं लेबलावरून बोट फिरवलं आणि हसली. दिवाळीपर्यंत तीही घरातल्या डब्यांना नंबर देईल असं सुमनला सांगितलं, तर ती म्हणाली, मग मीच बाहेर पडते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

६१७. परवा ६१५ होते. मंजुषा म्हणाली, नवरात्राचे उपास बाधले. सर म्हणाले, सुट्टीनंतर होतं असं.

सरांनी विचारलं, 'काका, डबी तीच आहे ना तिची?'

मी जरा तोडूनच बोललो. 'सर, तिच्या नावाची डबी, तिच्या नावाचा कप्पा. माझ्या हातनं गफलत होत नाही.' त्यांनी डबी हातात घेतली, लेबल वाचलं, परत ठेवली. 'तुमच्यावर शंका नाही हो,' म्हणाले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

६१३. खाली वसुबारसेच्या आधीच कार्यालयात कुणाचा तरी साखरपुडा, बँड. मी म्हणालो आवाजामुळं असेल. मंजुषा म्हणाली, 'मामा, मला बँड ऐकूच आला नाही.' तेच जास्त लागलं.

रायफलच बिघडली असेल म्हणून सगळे वायसर बदलले. सिलिंडर नवा दिला. ट्रिगरची स्प्रिंग बदलली, मग जुनी परत लावली. सर म्हणाले, एकदा व्हाइसमध्ये आवळून बघू म्हणजे रायफल की माणूस ते कळेल. व्हाइसपाशी गेले आणि शोधायला लागले. 'इथं रबराचे चार पॅड होते.' मी मग सांगितलं, भंगारात गेले. त्यांनी लगेच फोन लावला. पॅड दिल्लीहून मागवावे लागतात, दिवाळीनंतर येतील. त्या पॅडशिवाय नळीला ओरखडा पडतो म्हणे.

वाईट वाटलं, पण रबराच्या चार तुकड्यांनी कुणाचे गुण कमी होत नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली म्हणायची. पाडव्याला सुमननं मंजुषाची दृष्ट काढली. भाऊबीजेला राजगुरुनगरला गेली ती दुपारीच परत आली, आणि आल्या आल्या रेंजवर. ६११.

नवनाथनं तिला डॉक्टरकडं नेलं. थायरॉइड, रक्त, साखर, सगळं चांगलं. डॉक्टरांनी हात पुढं करायला सांगितले, वर कागद ठेवला. कागद हलला नाही. मग हलतंय काय?

आज मी बोललो. बोलायला नको होतं, पण लिहायचं ते खरं लिहावं. जेवताना म्हणालो, 'हत्यार ठीक, तब्येत ठीक, सामान मी हातानं देतो. आता राहिलं काय? मन. मन थाऱ्यावर नाही तुझं.' तिनं भाकरी तशीच ठेवली आणि उठली. सुमन माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, खोटं आहे का?

३० ऑक्टोबर, गुरुवार

मंजुषानं आज कंपनीत एकच पार्ट तीनदा मोजला. तिन्ही वेळा माप बरोबर आलं, तरी तिला सही करवेना. सुपरवायझरनं येऊन केली. हे तिनंच सांगितलं, जिन्यात बसून, बूट काढता काढता.

'मामा, हात माझे राहिले नाहीत,' म्हणाली. 'मी अगदी दहाच्या मधे बघून सोडते. आतून कळतं, ही दहा पॉइंट सात आहे. आणि पडद्यावर नऊ पॉइंट चार येते. मग मला काय कळतंय? मला काहीच कळत नाही. माझं मलाच खोटं वाटतंय.'

मी म्हणालो, सरांशी बोल. ती म्हणाली, बोलले. मग म्हणाली, 'मॅचची वाट कशाला बघायची? तुम्ही यादी करा. विकून टाकू.'

मला तिचा राग आला आणि रडूही आलं, कुठलं आधी ते सांगता येणार नाही. नवनाथ म्हणाला, 'पप्पा, मला तिची रायफल विकायची नाही. पण तिला असं बघवत पण नाही.' तो जिन्यातच तिच्याजवळ बसून राहिला.

१ नोव्हेंबर, शनिवार

यादी केली. विकायचं तर नीट विकावं. रायफल एक, जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, डोळ्यावरची पट्टी, सिलिंडर दोन, वायसर संच, अ‍ॅलन की सहा. शेवटी लिहिलं, पेलेट डब्या दोन, भरलेल्या. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. मॅचपर्यंत ही यादी कुणाला दाखवायची नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. कशाच्या भरवशावर, ते मलाही माहीत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

देवा, हे लिहावं लागतंय.

सकाळी पॅड आले. मंजुषा कंपनीत. सर म्हणाले, तिची रायफल इथंच आहे, आत्ताच बघून घेऊ. व्हाइसमध्ये आवळली. मी वरच्या कप्प्यातली तिची डबी दिली. सरांनी दहा गोळ्या मारल्या. रायफल लोखंडात जखडलेली, माणसाचा हातच नाही, तर दहाही गोळ्या एकाच भोकातून जायला हव्यात. कागद जवळ आणला. भोकं विखुरलेली. सरांनी पुन्हा दहा मारल्या. पुन्हा तेच.

'काका, इथं कुणी धरलेलीच नाही,' सर म्हणाले. 'मग हलतंय कोण?'

त्यांनी डबी उलटी केली. 'लॉट नंबर कुठंय?'

'कसला नंबर?'

'मागं स्टिकर असतो.'

मी नखानं माझं लेबल काढलं. माझं लेबल नीट निघत नाही, गोंद चांगला वापरलेला. खालून बारीक इंग्रजी निघालं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, 'हा तिचा लॉट नाही.' मी दुसरी डबी काढली. तिच्यावर वेगळाच नंबर. सरांनी दोन्हींतले चार-चार पेलेट तळहातावर घेतले, भिंगातून बघितले आणि मला विचारलं, अगदी हळू, 'काका, तुम्ही ओतल्या का एकत्र?'

घमेलं, कोमट पाणी, गच्चीवरचं धोतर. सगळं सांगितलं. किती नीट केलं होतं तेही सांगितलं, थांबताच येईना.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला कानात एकच ऐकू येत होतं, हीट नंबर. दिसायला सगळ्या सारख्या. सोपानराव हात जोडून उभा होता आणि मी त्याच्याकडं न बघता सहीचा कागद शोधत होतो.

डीलरला फोन केला, तो लॉट ऑगस्टमध्येच संपला. मुंबई, नाशिक, कोल्हापूर, सरांनी सगळीकडं विचारलं. नाही. नवा लॉट तपासून बसवायला चार दिवसांत माल मिळत नाही. जाताना सर म्हणाले, 'तिला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितलं तर रेंजवर उभी राहून हाच विचार करेल. नाही सांगितलं तर जन्मभर स्वतःला दोष देईल.'

ती साडेचारला आली. मी तिला पाणी दिलं. सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मला फाइल आठवली. सरांचे ते कागद. धावत गेलो, काढले. तेवीस ऑगस्ट, मंजुषाचं नाव, एकच गोल भोक आणि शेजारी सेलोटेपखाली एक पेलेट. तिच्या लॉटचा. तो एकच शिल्लक आहे जगात, असं मला वाटलं.

तो घेऊन आळंदी रोडला अण्णासाहेबांकडं गेलो. कंपनीत इन्स्पेक्शनला होते, माझ्या आधी दोन वर्षं रिटायर. त्यांच्याकडं दिव्याचं भिंग आहे. मी डबीतले पन्नास छर्रे आणि तो एक त्यांच्यासमोर ठेवला. अर्धा तास ते एकेक छर्रा भिंगाखाली फिरवत राहिले.

'व्हय, फरक हाय,' म्हणाले. 'ह्याच्या घेराच्या आत एक रेघ हाय, केसाएवढी. साच्याची असंल. ह्यांच्यात कशात दोन हायत, कशात न्हाईच. पन्नासात नऊ तुजे.'

'निवडता येतील?'

'येत्याल की. पन शंका आली का बाजूला टाकायचा. आमी तसंच करायचो. तुज्यावर त्येच्यासाठीच चिडायचो ना मी, तू घाई करायचास.'

त्यांनी भिंग मला देऊन टाकलं. शिल्लक डब्या मोजल्या तर सात. साडेतीन हजार छर्रे आणि दोन दिवस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजुषा बसमध्ये बसली की मी गॅलरीत ताट घेऊन बसलो. दहा वाजेपर्यंत एकोणीस निघाले. भिंगातली रेघ कधी एक दिसे, कधी दोन. सुमन कपडे वाळत घालायला आली आणि तिथंच थांबली.

'काय करताय?'

सांगितलं. सगळं, खंडेनवमीपासून. तिनं ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून ऐकलं.

'म्हणजे लेकराला आपण येडं ठरवलं,' म्हणाली. 'मी दृष्ट काढली. नवनाथनं रक्त काढलं. आन् तुम्ही जेवत्या ताटावर बोलले तिला.'

'हो.'

'सरका तिकडं.'

मी भिंग पुढं केलं. तिनं दोन-चार बघितले, मग भिंग बाजूला ठेवलं. चष्मा पुसला, गॅलरीच्या कठड्याकडं तोंड केलं आणि छर्रा चिमटीत तिरका धरला. उजेडाला रेघ चमकते, एका बाजूनं. मला इतका वेळ कळलं नव्हतं. तांदूळ निवडावेत तशी निवडायला लागली. हा, न्हाई, न्हाई, हा. माझ्या एकोणीसमधले सहा तिनं परत फेकले.

साडेचारला दार वाजलं. आम्ही दोघं खाली बसलेलो, मधे ताटं. मंजुषा पाठीवरची बॅग न काढता उभी राहिली.

'आत्या, काय निवडताय?'

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी उठायला गेलो, गुडघा धरला, तसाच बसून बोललो. 'तुझ्या डब्यांत दुसरा माल मिसळला. मी मिसळला. खंडेनवमीला, स्वच्छ करताना. तू ऑक्टोबरभर जे मारलंस ते तुझे पेलेट नव्हते.'

ती स्वतःचे हात बघत होती, एकदा पालथे, एकदा उताणे.

'म्हणजे मी नव्हते?'

मी सुमनकडं बघितलं.

'मी नव्हते, आत्या?'

'न्हाई माय,' सुमन म्हणाली. 'तू नव्हतीस.'

मग ती जी रडली! भिंतीला टेकून, बॅगसकट खाली घसरली आणि रडली. सुमननं तिला जवळ घेतलं, पण निवडलेल्या छर्ऱ्यांची वाटी आधी बाजूला सरकवली.

८ नोव्हेंबर, शनिवार

तीन डब्या झाल्या. शंकेचे टाकून एकशे चौऱ्याऐंशी निघाले. सरांनी दहा व्हाइसवर मारले. एकच भोक, जरा अंडाकृती. सर म्हणाले, जमेल. मंजुषानं वीस मारले, पण महिनाभर चुकीच्या गोळीपायी तिनं उभं राहणं, गाल टेकणं, सगळंच बदलून टाकलं होतं. ते एका दिवसात परत येत नाही.

कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी काही मागणारही नव्हतो. रायफल पेटीत ठेवताना तीच म्हणाली, 'मामा, मी क्वालिटीत आहे. आत येणारा प्रत्येक माल मी तपासते. सगळ्यांवर शंका घेते, त्याचाच पगार आहे मला. फक्त तुमच्या हातचा तपासला नाही.'

शिव्या दिल्या असत्या तर मी इथं लिहिल्या असत्या. हे लिहिलं, पुढं सुचत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

बालेवाडी. मी बाहेर बाकावर. आत बसायची हिंमत नव्हती. नवनाथ फोनवर आकडे पाठवत होता. पहिल्या दहा गोळ्यांना १०३.४. दुसऱ्या दहांना १०३.०. तिसऱ्यांदा १०२.१, त्यात एक नऊ पॉइंट एक. मग १०३.२. मग १०३.५. मी बोटांवर बेरीज करत होतो, तीनदा केली, तिन्हीदा वेगळी आली. शेवटचे १०२.५.

६१७.७.

पॉइंट तीन कमी. माझ्या लेबलाची जाडीसुद्धा त्याहून जास्त असेल.

ती बाहेर आली, जॅकेटची बटणं सोडत. मी उभा राहिलो. म्हणालो, 'ती नऊ पॉइंट एक. तो छर्रा चुकीचा निघाला असणार. सुमनच्या नजरेतून एखादा…'

'नाही मामा,' ती म्हणाली. 'ती माझी. सुटतानाच कळलं होतं मला.'

असं म्हणून ती हसली. हरलेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. महिनाभर तिला स्वतःचं काही कळत नव्हतं, आज चूकसुद्धा नेमकी कळली. मी मान खाली घातली.

१० नोव्हेंबर, सोमवार

मंजुषानं सुट्टी टाकली होती. दुपारी सगळे घरी. यादी मीच कपाटातून काढली आणि टेबलावर ठेवली. ठरलं ते ठरलं. मी फोडलं त्याची भरपाई ठरलेलं मोडून मागायची नाही, असं मनाशी म्हणालो. मंजुषानं यादी वाचली. 'अ‍ॅलन की सात आहेत, मामा,' एवढंच म्हणाली.

नवनाथनं घसा साफ केला. 'आई, आखाडात ठरलं होतं. ६१८ झाले नाहीत तर…'

सुमन आतून आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात चष्मा. खिडकीखाली सतरंजी टाकली, बसली आणि माझ्याकडं हात केला. 'राह्यलेल्या चार डब्या आना.'

'कशाला आता?' नवनाथ म्हणाला. 'मॅच झाली ना.'

'अर्धं निवडून उठायची सवय न्हाई मला.'

'अगं पण आई, ठरलं होतं ना आपलं.'

'ठरलं तवा छर्रे मिसळलेले नव्हते,' सुमन म्हणाली. 'ह्यांनी मिसळले. आधी निवडून होऊ दे, ती तिच्या सामानानं एक मॅच मारू दे, मंग काय ठरवायचं ते ठरवू.'

आणि चष्मा लावला.

मंजुषा उठली, यादी दुमडून वाटीखाली ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. नवनाथही सरकला. मी डब्या आणल्या, चारही लेबलं काढली, बरणीतून लाल रबरबँड आणले. बरेचसे ताणताच तुटले. मग मीही ताटाशी बसायला गेलो.

'तुम्ही हात लावू नका,' सुमन म्हणाली.

मी उठून चहा ठेवला. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरचे माझे नंबर सुमननं केव्हाच खरवडून काढलेत, साखर सापडायला वेळ लागला.